हेराल्डला गॅझेलचा मागचा ॲक्सल बसवायचाय, चासीला हात लावू का?

शाहूपुरी, सातारा:
वडिलांची १९६७ची स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड गाडी आहे. यवतेश्वरचा घाट उतरताना वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू उचलते आणि बाहेरचं चाक खाली दुमडतं. दिवाळीत मागच्या चाकांच्या आडव्या पाट्याला (स्प्रिंगला) नवी कमान मारून आणली, तेव्हापासून हे वाढलंय. आई आता गाडीत बसत नाही. १९७२च्या गॅझेल गाडीला याच कंपनीने सलग ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच ताठ दांड्यावर) दिला होता. तसा एक कोल्हापुरात भंगारात मिळतोय. फॅब्रिकेटर म्हणतो, चासीला पाटे टांगायचे हँगर वेल्ड करू, दोन्ही बाजूंना उभे पाटे टाकू, दोन दिवसांचं काम. करू का?

कराड:
व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर थांबा. २०२१च्या नियमात गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ रूपातली लागते, चासीत बदल चालत नाही. तुमची गाडी आज त्यात बसते.

मिरज (जुना फिटर):
पाव्हणं, चासी कापू नका. दोन दिवसांचं काम म्हणणाऱ्याने हेराल्ड खालून बघितलेली नाही. तुमचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) चासीला बोल्टने घट्ट आहे, हलतात फक्त दोन्हीकडचे शाफ्ट. सलग ॲक्सल आला की ते अख्खं धूड चाकाबरोबर वरखाली होणार. त्याला वर जागा पाहिजे, प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याला) सरकता जोड पाहिजे, शॉकॲब्सॉर्बर अडकवायचे कान नव्याने पाहिजेत. हँगर सूतभर इकडेतिकडे झाले तर गाडी कायम तिरकी पळणार.

तुमचं दुखणं तुम्हीच लिहिलंय: नवी कमान. पाटा जास्त उंच झाला की चाकांची डोकी (वरच्या कडा) बाहेर झुकतात. अशा गाडीत वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की चाक आत ओढलं जातं आणि गाडी त्याच्यावर चढते. हेराल्डची मूळ कंपनी ट्रायम्फने पुढे आपल्या स्पिटफायर गाडीला पाटा मधोमध झुलता ठेवला तो यासाठीच. ओळंबा लावून बघा. पण जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मापू नका, चाकं दुमडलेलीच राहतात. आधी गाडी पुढेमागे ढकला. मागे दोन माणसं बसवल्यावर चाक सरळ किंवा डोकं किंचित आत, एवढं पाहिजे.

शाहूपुरी, सातारा:
काका, मापलं. मी आणि भाऊ मागे बसलो तरी दोन्ही चाकांची डोकी बोटभर बाहेर! कमान कमी करायला पाटा काढतोय. गॅझेलच्या ॲक्सलला नाही म्हणून कळवलं.

मिरज (जुना फिटर):
पाटा खाली आहे तोवर शाफ्टच्या टोकाचे बुश आणि रेडियस आर्मची (चाक मागेपुढे न सरकू देणाऱ्या दांड्याची) रबरं बघून घ्या. ती सैल असली तर चाक मागेपुढे हलतं आणि घाटात तसंच वाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी जमिनीवर भाराने बसली की मगच आवळा, नाहीतर रबरं पिळून फाटतात. आणि पहिली फेरी आईला न घेता मारा.