उतावळेपणा मोजायला बीआयएस-११ पुरेल का? (एमए प्रोजेक्ट, ठाणे)

शर्वरी_कळवा
एमए सायकॉलॉजी पार्ट टू. प्रोजेक्ट आहे टू-व्हीलर चालवणारी कॉलेजची मुलं आणि उतावळेपणा, म्हणजे सिग्नल तोडणं, राँग साइड, नवी मुंबईच्या पामबीच रोडला रात्री गाडी ताणणं वगैरे, सॅम्पल ठाणे आणि वाशी-नेरूळच्या कॉलेजांतून घेणार. गाइड मॅडम म्हणतात बॅरटची स्केल घे, बीआयएस-११, तीसच प्रश्न आहेत पटकन भरून होतात. पण पायलटमध्ये (आधी थोड्या मुलांवर करून बघितलं त्यात) गंमतच वाटली, जो बिनधास्त सिग्नल तोडतो त्याचा स्कोअर मध्यम आणि जी हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवत नाही तिचा चांगला वर. मुलं खोटं लिहितात का? की प्रश्नावली सोडून लॅपटॉपवरची टास्क घेऊ? कोणी केलंय का असं काम, प्लीज सांगा.

नेरूळचा_मास्तर
खोटं लिहितात असं लगेच धरू नकोस. आधी बघ, उलटे धरायचे ११ प्रश्न (ज्यात 'हो' म्हणजे उतावळेपणा कमी) त्यांचे मार्क उलटवलेस ना? ते झालं असेल तर टोटल बाजूला ठेव. बीआयएस-११ मध्ये (१९९५ ची पॅटन, स्टॅनफर्ड, बॅरट यांची) तीन वेगळे भाग आहेत, लक्ष न टिकणं, विचाराआधी कृती होणं, आणि पुढचं प्लॅनिंग नसणं. प्रत्येक प्रश्नाला १ ते ४, म्हणून टोटल ३० ते १२०. ती मुलगी लेक्चरला चुळबुळ करणारी असेल, डोक्यात एकदम चार विचार चालू असतील, तेवढ्यानेही टोटल वर जातो आणि त्याचा रस्त्याशी काही संबंध नसू शकतो.

तुझ्या विषयाला मी यूपीपीएस-पी ही उतावळेपणाचीच दुसरी प्रश्नावली घेईन. व्हाइटसाइड आणि लायनम यांनी २००१ मध्ये चार गोष्टी वेगळ्या केल्या, मन खवळलं की हातून काहीतरी होऊन जाणं, आधी विचार न करणं, हातातलं तडीस न नेणं, आणि थराराची ओढ. आनंदाच्या भरात वाहवत जाणं हा पाचवा भाग नंतर आला. आता बघ, पामबीचला मोकळा रस्ता दिसला की ताणणारा, घरी भांडून निघाला म्हणून सिग्नल तोडणारा, आणि मॅच जिंकल्यावर ट्रिपल सीट निघालेले, हे तिन्ही एकाच आकड्यात कोंबले तर तुला कळणार काय? पूर्ण स्केल ५९ प्रश्नांची आहे, छोटी २० ची.

घणसोलीकर
मी या फील्डचा नाही पण हे वाचून ती बॅरटवाली शोधून भरली. त्यात घर बदलता का, नोकरी बदलता का, नियमित बचत करता का असं विचारलंय. अहो इथे अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की मालक भाडं वाढवतो नाहीतर फ्लॅट विकायला काढतो, मग घणसोली सोडून कोपरखैरणे, तिथून ऐरोली. नोकरी पण कॉन्ट्रॅक्टची. भाडं, ट्रेनचा पास आणि गावी पाठवून उरतं किती की बचत करावी? मी प्रत्येक वेळी नीट विचार करूनच सामान हलवलंय, तरी मार्क उतावळा म्हणून पडणार, हे मला पटत नाही.

नेरूळचा_मास्तर
@घणसोलीकर अगदी बरोबर, हा खरा आक्षेप आहे. त्या प्रश्नांत स्वभावाबरोबर परिस्थितीही मोजली जाते. शर्वरी, तुझ्या सॅम्पलमध्ये हे प्रश्न बाकीच्यांशी जुळतात का ते आयटम-टोटल कोरिलेशन (एकेका प्रश्नाचा टोटलशी किती संबंध) काढून बघ, आणि नाही जुळले तर गुपचूप काढू नकोस, रिपोर्टमध्ये लिही. आणि टोटल ७२ किंवा त्याच्या वर म्हणजे अति उतावळा ही रेषा अमेरिकेतल्या लोकांवरून आलीये, ती आपल्या मुलांना जशीच्या तशी लावू नकोस.

गडकरी_कट्टा
टास्कचं मी सांगते. गो/नो-गो, स्टॉप सिग्नल या टास्क क्षणात हात आवरता येतो का ते बघतात, प्रश्नावली विचारते तुम्ही एरवी कसे वागता. म्हणून दोघांचा संबंध फार कमी येतो, सायडर्स आणि कोस्कुनपिनार यांनी २०११ मध्ये बरेच अभ्यास एकत्र केले तेव्हा कोरिलेशन साधारण ०.१ च्या आसपास होतं (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण). म्हणजे टास्क खरी आणि प्रश्नावली खोटी असं नाही, एकाच्या जागी दुसरी चालणार नाही एवढंच.

मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. स्वभावही मुलगा सांगणार आणि किती सिग्नल तोडले तेही तोच सांगणार, मग दोन्हीकडे एकच माणूस स्वतःला सावरून लिहिणार. मागे बसणाऱ्या मित्राकडून वेगळा फॉर्म भरून घे, संमती असेल तर ई-चलानपण विचार (कॅमेरा नसलेल्या चौकातलं त्यात येणार नाही हे लक्षात ठेव). आणि फॉर्मवर रोल नंबर नको, वर्गात प्राध्यापकांनी गोळा करायचे नाहीत, बंद डब्यात टाकू देत.

शर्वरी_कळवा
खूप थँक्यू सगळ्यांना. मॅडमना यूपीपीएस-पी ची २० वाली दाखवते, आणि मित्राचा फॉर्म नक्की घेते. मराठी भाषांतर मी आणि मैत्रीण करतोय. ते बरोबर झालंय का बघायला परत इंग्रजीत करायचं, त्याला मूळ स्केल न बघितलेलं कोणीतरी लागेल, घणसोलीकर दादा तुम्ही बॅरटची बघितलीत, ही बघू नका आणि वेळ असेल तर कराल का?

घणसोलीकर
करतो की. रविवारी पाठव.