अनुभव धागा: नाताळात तुमच्या घरी कोणतं जॅझ वाजतं?

3 डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, झालं की आमच्या फोंड्यातही नखेत्रं, म्हणजे नाताळचे चांदणीचे कंदील, लटकू लागतात आणि दुकानादुकानांतून की-बोर्डवर बडवलेलं 'जिंगल बेल्स' सुरू होतं. त्याला कंटाळून या दिवसांत जे घरी जॅझ लावतात, त्यांनी इथे लिहावं. नुसत्या याद्या नकोत. काय ऐकता, कधी, कोणासोबत, ते सांगा. ज्यांच्या घरी नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) मांडत नाहीत त्यांनी तर जरूर लिहा.

सुरुवात मीच करते. शेजारच्या आंटीकडे नेवऱ्या (करंज्या) भरायला बसतो तेव्हा जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड लागते. तिच्या नाताळच्या दोन तबकड्या आहेत. 1960 ची सगळी मौजेची: बर्फ, घसरगाडी, सांताक्लॉज, आणि देवाधर्माचं एकही गाणं नाही. 1967 ची मात्र पूर्ण कॅरल्सची. त्यात ती सरळ गाते, स्वरांशी खेळणं जवळजवळ बाजूलाच ठेवते. मला पहिली आवडते, आंटीला दुसरी. मैदा संपेपर्यंत दोन्ही होतात.

हळदोण्याहून

आमच्या गावचा माणूस आधी सांगतो. चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा. ट्रम्पेट इतकी अमेरिकेच्या लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगाची की मुंबईत त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 1967 मध्ये गेला. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मेस्त (संगीतशिक्षक) पोरांना सोल्फेज, म्हणजे स्वर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवायचे, कशासाठी, तर मिसेला वाजवता यावं म्हणून. तीच पोरं मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत गेली आणि रात्री जॅझ वाजवू लागली. पोट भरेना म्हणून दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. चिक सी. रामचंद्रांकडे वाजवायचा. 'अलबेला' (1951) बघताना भगवानदादांवरून नजर काढता आली तर काढा, त्यात चिकचा बँड पडद्यावरही आहे. आपल्या आजीनंसुद्धा जॅझ ऐकलेलं असतं ते असं.

आमच्या शेजारी एक तारवटी (खलाशी) होते. बोटीवरून येताना तबकड्या आणायचे, आणि 25 ला दुपारी त्यांच्या बलकांवात (ओसरीवर) आम्हा पोरांना बसवून आर्मस्ट्राँगचं 1953 चं ते दारावरच्या टकटकीचं गाणं लावायचे. बाहेर वारा घोंघावतोय, कोणीतरी दार वाजवतंय, आणि हा घाबरलेला बाप्या विचारतोय, सांताक्लॉज, तूच ना रे? इंग्रजी कळायचं नाही, घाबरणं कळायचं. आता मी माझ्या भाच्यांना लावून दाखवतो. ती घाबरत नाहीत, हसतात.

म्हार्दोळहून

मी देवळात भजनाला पेटी धरतो. जॅझचा आणि माझा संबंध एकाच तुकड्यापुरता, पण तो दर नाताळात ऐकतोच. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं 1960 मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'माय फेव्हरिट थिंग्ज'. मूळ गाणं एका संगीत नाटकातलं, नाताळचं नव्हेच. शब्दांत बर्फ आणि घुंगरं आली म्हणून लोकांनी त्याला डिसेंबरात आणून बसवलं. कोल्ट्रेनकडे तर शब्दही नाहीत.

तीन-तीन मात्रांचं चक्र, पावणेचौदा मिनिटांच्या आसपास. मॅकॉय टायनर पियानोवर त्याच दोन स्वरसंगती आलटूनपालटून धरून ठेवतो, एल्विन जोन्स खाली ड्रम्सवर लय घुसळत राहतो, आणि वर सोप्रानो सॅक्सोफोनची बढत. मुखडा, विस्तार, पुन्हा मुखडा. बराच वेळ कोमल गंधार चाललेला असतो आणि मग एके ठिकाणी शुद्ध गंधार उघडतो. आमच्यातले जाणते तिथे मान हलवतात. मीही हलवतो. कोल्ट्रेन पुढे आपलं संगीत मन लावून ऐकायचा, मुलाचं नाव त्यानं रविशंकरांवरून रवी ठेवलं, हे मला नंतर कळलं. कानाला आधीच संशय आला होता.

एक सूचना: गर्दीत लावू नका. पाहुणे चौथ्या मिनिटाला विचारतात, "हे संपणार कधी?"

मडगावहून

माफ करा, पण नाताळात घरी बसून अमेरिकेचं जॅझ? आमच्याकडे आपली कोंकणी गायिका लोर्ना लागते. विषय संपला.

(धागाकर्ती: लोर्नामागे वाजतो तो क्रिस पेरीचा बँड. ती ट्रम्पेट, ते सॅक्सोफोन ऐका. तुम्ही धाग्यातच आहात.)

कांदोळीहून

मी बेस वाजवतो. 24 ला आमची त्रयी एका हॉटेलच्या हिरवळीवर असते. लोक जेवत असतात, ऐकत नसतात, आणि खरं सांगू, त्यातच मजा असते, कारण मग आम्ही आपसात वाजवतो. व्हिन्स गुआराल्डीनं 1965 मध्ये चार्ली ब्राउनच्या कार्टूनसाठी केलेलं संगीत अशा वेळी सोन्यासारखं. पियानो, बेस, ड्रम्स, एवढंच. मुलांच्या कार्यक्रमात जॅझ कशाला, असं तेव्हा टीव्हीवाल्यांना वाटलं होतं. त्यातलं 'ख्रिसमस टाइम इज हिअर' सणाचं असूनही उदास आहे. काठ्या खाली ठेवून ब्रश घ्यायचे आणि लय अजिबात ढकलायची नाही. आमचा ड्रमर पहिल्या फेरीत ढकलतोच. मग एखादं टेबल हिंदी गाण्याची फर्माईश पाठवतं आणि आम्ही मुकाट्यानं तेही वाजवतो.

दमट हवेत उभ्या बेसच्या तारा सुरात राहत नाहीत. दर दोन गाण्यांनी सूर लावावा लागतो.

पर्वरीहून

पुण्याहून इथे आले तेव्हा घामाघूम होत 'व्हाइट ख्रिसमस' ऐकणं विनोदी वाटायचं. मग 'द ख्रिसमस साँग'ची गोष्ट वाचली. शेकोटीवर चेस्टनट भाजण्याचं ते गाणं मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी 1945 च्या भर उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियात लिहिलं. वेल्सनं थंडीच्या ओळी खरडल्या त्या जरा गार वाटावं म्हणून! नॅट किंग कोलनं ते 1946 मध्ये पहिल्यांदा गायलं. तेव्हापासून मी पंखा पाचवर ठेवून निर्धास्त ऐकते.

वास्कोहून

बँडवाला ड्यूक एलिंग्टन कोणीच कसा घेतला नाही? त्यानं आणि बिली स्ट्रेहॉर्ननं 1960 मध्ये चायकोव्हस्कीचं नाताळचं बॅले 'नटक्रॅकर' बिग बँडसाठी (मोठ्या जॅझ वाद्यवृंदासाठी) नव्यानं मांडलं. साखरपरीच्या नाचात मूळचं नाजूक किणकिण करणारं सेलेस्टा. इथे तो नाच टेनर सॅक्सोफोनवर येतो, संथ, जडावलेला, आणि नावातच रम: 'शुगर रम चेरी'. त्या बँडच्या टेनरवाल्याचं नाव पॉल गोन्साल्विस. आमच्या ऑफिसात अर्धे जण त्याला गोव्यातल्या सासष्टीचा धरून बसले होते. माणूस जन्मानं अमेरिकन, घराणं केप व्हर्देचं, तीही पूर्वी पोर्तुगीजांच्या ताब्यातली बेटं. म्हणजे पोर्तुगीज आडनाव त्यांच्याकडे आलं ते आपल्यासारखंच. मोबाइलवर ऐकू नका, खालचे स्वर गायब होतात.

पणजीहून

सगळं गोडगोड चाललंय म्हणून आमच्याकडचं कडू सांगते. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं 1962 चं 'ब्लू एक्समस', गायक बॉब डोरो. नाताळच्या खरेदीवर, ढोंगावर, सगळ्यावर आगपाखड. गेल्या वर्षी घरात कुसवारची (नाताळच्या फराळाची) ताटं लागत असताना मी मुद्दाम लावलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "ट्रम्पेट बरी वाजवतो गो हा. परत लाव."