वजन कमी करताना रोज पाणी किती? पाच लिटर खरंच लागते का?

फुटाळा_फेरी:
नमस्कार मंडळी. वय 41, उंची 165 सेंमी, वजन 84 किलो. नागपूरला सीताबर्डीत एसीत बसून काम, संध्याकाळी फुटाळा तलावावर तासभर चालणं. भात बंद केला, पोळ्या जेवणाला दोनवर आणल्या. जिममधले म्हणतात पाच लिटर पाणी प्या, चरबी निघून जाते. तेवढं पिऊन राहिलो, पण रात्री तीनदा उठावं लागते, अन् वजन एका सकाळी किलोभर वर तर दुसऱ्या सकाळी खाली. नेमका आकडा कोणता धरायचा? नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की किती वाढवायचा?

आहार_हिशेब:
भाऊ, पाच लिटर तुम्हाला लागत नाही. किलोमागे 30 ते 35 मिली हा नेहमीचा हिशेब आहे, पण तो 84 वर लावू नका. चरबीच्या पेशींत पाणी फार कमी असते, स्नायूंत सुमारे तीन चतुर्थांश. म्हणून उंचीला साजेसं वजन धरायचं. 165 सेंमीला 65 किलो धरले तर दोन ते सव्वादोन लिटर. हिवाळ्यात, एसीत बसून, एवढं पुरते.

यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा जेवणातून येतो. शिजलेल्या भातात दोन तृतीयांशाहून जास्त पाणी असते, पातळ वरणात त्याहून जास्त. पोळीत मात्र एक तृतीयांशच्या आसपास. म्हणजे तुम्ही भात सोडला तेव्हा त्यातलं पाणीही सुटलं. दीडशे ग्रॅम भातामागे शंभर मिली गेलं असं धरा आणि तेवढं वरून प्या, नाहीतर पोट साफ होत नाही. इसबगोल घेत असाल तर एका चमच्याला पूर्ण ग्लास पाणी हवंच. कमी पाण्यात तो आतच घट्ट होऊन बसतो.

वजनासाठी पाण्याचा खरा उपयोग जेवणाआधी आहे. दोन्ही जेवणांच्या अर्धा तास आधी 400 ते 500 मिली पाणी. पोट थोडं भरते, दुसऱ्यांदा वाढून घेताना हात आखडतो. ज्यांचा आहार आधीच मोजका आहे त्यांना याचा फायदा दिसतो, तोही थोडाच. फ्रीजच्या पाण्यानं कॅलरी जळतात म्हणतात, त्याचाही हिशेब करून पाहा: 5 अंशांचं अर्धा लिटर पाणी 37 अंशांवर आणायला 16 कॅलरी लागतात. पोळीचा एक मोठा घास! माठातलं प्या, गरम प्या, फरक नाही.

आणि घरातला ग्लास एकदा मोजून घ्या. स्टीलचे पेले 180 मिलीपासून 300 मिलीपर्यंत असतात. "आठ ग्लास" याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा निघतो.

माठ_आणि_काटा:
वरचा आकडा पाया म्हणून बरोबर. नागपूरच्या मे महिन्यात त्यावर घाम चढवा, अन् घाम अंदाजानं धरू नका, मोजा. चालायला निघण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. परत आल्यावर अंग कोरडं पुसून, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा घ्या. काटा 100 ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. समजा 84.0 चे 83.3 झाले आणि वाटेत 200 मिली प्यायलात, तर घाम 900 मिली. तो कमी झालेला 700 ग्रॅम म्हणजे नुसतं पाणी, त्यात चरबी शोधू नका. त्याच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे 900 मिली ते एक लिटर, पुढच्या दोन-तीन तासांत थोडं थोडं करून प्या. एका दमात घेतलं तर बरंचसं लघवीवाटे निघून जाते.

आपल्याकडे फसगत इथेच होते. मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो. शर्ट कोरडा, म्हणून घाम आला नाही असं वाटते. गडद रंगाच्या शर्टावर पाठीला पांढरे वाळलेले पट्टे दिसले की समजा मीठ गेलं. त्या दिवशी एखादा ग्लास मीठ घातलेलं ताक घ्या. जुलैत उलट: दमट हवेत घाम टपटप गळतो, वाळत नाही, अन् अंग थंडही होत नाही.

रोजची तपासणी लघवीच्या रंगावरून. फिकट पिवळी असली तर ठीक. मोहरीच्या तेलासारखी गडद झाली तर पाणी वाढवा. दिवसभर पाण्यासारखी पांढरी आणि दहा-बारा वेळा जावं लागत असेल तर कमी करा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर रंगावर जाऊ नका, ती झळझळीत पिवळी करतेच.

ताक_विना_साखर:
ओलावा पाण्यानंच मिळवा, रसवंतीतून नको. 250 मिली उसाच्या रसात सुमारे 140 कॅलरी. तासभराच्या चालण्यातला बराच हिस्सा तिथेच परत. पन्ह्यात 25 ग्रॅम गूळ म्हणजे शंभराच्या आसपास. ताक 50 ग्रॅम दह्यात 150 मिली पाणी घुसळून केलं तर तीस कॅलरी, जिरं-मीठ घालून. चहाही पाण्यात मोजा, पण दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे 160 कॅलरी, दूध वेगळं. ओआरएस जुलाबात आणि उन्हात घाम जास्त गेल्यावर घ्यायचं आहे. रोज पाण्यासारखं प्यायचं नाही.

फुटाळा_फेरी:
समजलं. पण सोमवारी वजन हमखास किलोभर वाढते, ते का? रविवारी सावजी (आपलं झणझणीत रश्श्याचं जेवण) असते.

आहार_हिशेब:
मिठामुळे. शरीर साधारण 9 ग्रॅम मिठामागे एक लिटर पाणी धरून ठेवते. सावजी रस्सा, सकाळची तर्री (पोह्यांवरचा तिखट रस्सा), वर पापड-लोणचं मिळून नेहमीपेक्षा चमचाभर मीठ जास्त गेलं तर अर्धा लिटर तिथेच आलं. त्यात भात खाल्ला असेल तर ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) भरते, तेही ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी घेऊन. दोन-तीन दिवसांत उतरते. म्हणून रोज सकाळी लघवीनंतर वजन घ्या आणि सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी लावून पाहा.

वॉर्डातली_नोंद:
एक गंभीर मुद्दा राहिला आहे. मूत्रपिंडं तासाला साधारण 800 मिली ते एक लिटरच बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगानं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होते, 135 मिलीमोल प्रति लिटरच्या खाली जाते. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, आणि माणूस आणखी पाणी पितो. इथेच घात होतो! नुसतं पाणी भरपूर पिऊन असं होत असेल तर पिणं थांबवा आणि थेट दवाखान्यात जा, सोडियम तपासून मिळते.

फुटाळा_फेरीभाऊ, बीपीची गोळी चालू आहे का? लघवी वाढवणारी असेल, किंवा हृदय, मूत्रपिंड, यकृताचा आजार असेल, तर वरचे आकडे बाजूला ठेवा आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच प्रमाण पाळा. तसं काही नसेल तर झोपेआधीच्या दोन तासांत एखाद-दोन घोटच घ्या. रात्रीचं उठणं बहुतेक तेवढ्यानंच कमी होईल. आठवड्यानंतरही होत राहिलं तर साखर तपासून घ्या.