मदत हवी आहे: दोन्ही दारांनी चढू दिलं तरी फेरीचा वेळ तेवढाच का?

ड्यूटीचार्ट:
आमच्या सर्वांत गर्दीच्या मार्गावर दोन्ही दारांनी चढायला परवानगी दिली आहे. थांब्यावरून बस लवकर सुटते, कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं. पण टोकापासून टोकापर्यंतच्या फेरीला लागणारा वेळ जवळपास तेवढाच भरतोय. वरून निरोप आलाय, उपयोग होत नसेल तर बंद करा. सोमवारी अहवाल द्यायचा आहे. थांब्यावर वाचलेला वेळ जातो कुठे? ज्यांनी बसच्या कामात हात घातलाय त्यांनी सांगा. "ट्रॅफिक असतं" हे उत्तर नको, ते इथे रोज ऐकतोय.

उंबरठा:
भाडं कोण घेतं? वाहक आहे का? कार्डाचं यंत्र दोन्ही दारांशी आहे का? पायऱ्या आहेत की लो-फ्लोअर? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

ड्यूटीचार्ट:
वाहक नाही. यंत्र दोन्हीकडे आहे. बस नेहमीच्याच. दारांचा प्रश्नच नाही, दारं नीट चालतायत. वेळ कुठे जातो ते सांगा.

उंबरठा:
नेहमीच्या म्हणजे कशा ते तुम्हाला ठाऊक, आम्हाला नाही. रोख पैसे देणारे आहेत का? असतील तर कोणाकडे देतात?

ड्यूटीचार्ट:
चालकाकडे, पुढच्या दाराने. लो-फ्लोअर. झालं?

उंबरठा:
झालं कसं, सुरुवात इथूनच आहे. बस थांब्यावर किती वेळ उभी राहते हे ज्या दाराला सर्वांत उशीर लागतो त्यावर ठरतं. नियोजनात साधारण असं धरतात: भाडं आधीच भरलेला माणूस चढायला २.५ सेकंद, मोजून सुटे पैसे देणारा ४ सेकंद, आत माणसं उभी असतील तर प्रत्येकामागे आणखी अर्धा सेकंद. समजा थांब्यावर २० जण आहेत आणि त्यांतले १० रोखवाले. पुढच्या दाराला ४० सेकंद लागणार. मागचे १० जण २५ सेकंदांत आत, म्हणजे पुढची १५ सेकंदं मागचं दार नुसतं उघडं. शिवाय दोन दारं म्हणजे निम्मा वेळ असंही नसतं. सगळे आधी भाडं भरलेले असले तरी दुसऱ्या दारामुळे माणशी २.५ वरून १.५ पर्यंतच येतं, कारण लोक दोन्ही दारांशी सारखे वाटले जात नाहीत आणि मागून आधी उतरणारे असतात.
रोखीचा हिशेब आधी काढा. किती टक्के आहेत?

ड्यूटीचार्ट:
फार नाहीत. आणि मी वर लिहिलंय की थांब्यावरचा वेळ कमी झालेला आहे. तुम्ही तो का कमी होत नाही ते समजावताय.

तिकीटबारी:
वेळ वाचला की नाही ते बाजूला ठेवा, उत्पन्न किती बुडालं ते मोजलंत का? लंडनमध्ये जोडबसना, म्हणजे मध्ये सांधा असलेल्या लांब बसना, तिन्ही दारांनी चढू देत असत, लोक त्यांना फुकटची बस म्हणायचे. २०११ च्या अखेरीस त्या रस्त्यावरून गेल्या. मग २०१२ मध्ये नवी रूटमास्टर ही दुमजली बस आली, तीन दारं, दोन जिने, पुन्हा कुठूनही चढा. जानेवारी २०२० पासून तिथेही फक्त पुढच्या दाराने चढायचा नियम झाला, कारण भाडं चुकवणं. इतकी खास बस बांधून शेवटी जी गोष्ट त्यांनी मागे घेतली तीच तुम्ही नव्याने करताय. अहवालात हे आलंच पाहिजे.

मोकळीवाट:
तिकीटबारी, अर्धीच गोष्ट सांगताय. सॅन फ्रान्सिस्कोने १ जुलै २०१२ पासून आपल्या सगळ्या मार्गांवर सगळ्या दारांनी चढायला दिलं. तिथे भाडं चुकवण्याचं प्रमाण २००९ मध्ये ९.५ टक्के होतं, २०१४ मध्ये ७.९ टक्के निघालं. वाढलं नाही, उतरलं. का? तपासनीस बसमध्ये फिरतात, भाडं भरल्याचा पुरावा जवळ असलाच पाहिजे, नसेल तर दंड. दार उघडं ठेवून तपासणी ठेवली नाही तर कुठेही बुडणारच.

तिकीटबारी:
तपासनिसांचा पगार कोण देतं? तो खर्च यात धरलाय का कोणी?

मोकळीवाट:
आणि बस एका थांब्यावर दोन-दोन मिनिटं अडकून राहते, त्या वेळातला चालकाचा पगार कोण देतं? तो खर्च तर रोज चालू आहे. तुम्हाला फक्त चोरीला गेलेलं भाडं दिसतं, उभ्या बसमधल्या सत्तर माणसांचा वेळ दिसत नाही.

आगारकाका:
मी वाहक म्हणून लागलो आणि नियंत्रण कक्षातून निवृत्त झालो. वाहक परत आणा, सगळे प्रश्न सुटतात. वाहक असला की माणसं कुठूनही चढतात, बस सुटते आणि तिकीट चालत्या बसमध्ये फाडलं जातं. थांब्यावर भाड्यापायी एक सेकंद जात नाही. यंत्रांच्या नादाला लागून ते घालवलं आणि आता तेच नव्या नावाने शोधताय.

मोकळीवाट:
काका, मान ठेवून सांगते, गच्च भरलेल्या बसमध्ये वाहक मागच्या टोकाला पोचतो का? पुढचे दोन थांबे येईपर्यंत निम्मे उतरलेले असतात.

आगारकाका:
पोचतो. पोचायला शिकवावं लागतं.

दोनशेमीटर:
मूळ दुखणं थांब्यांचं आहे. दर दोनशे मीटरला थांबा असेल तर दारं चार केली तरी बस रखडणार. ब्रेक लावणं, दार उघडणं-मिटणं, पुन्हा वेग घेणं, रहदारीत परत शिरायला जागा मिळवणं, हा वेळ एक माणूस चढला तरी जातो आणि वीस चढले तरी जातो. दारांचं धोरण त्याला हात लावत नाही. एक सोडून एक थांबा काढा, मग बोला.

सावलीत_उभी:
थांबे काढा म्हणणाऱ्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चारशे मीटर चालून पाहावं. माझा मुद्दा वेगळा आहे. मागच्या दाराने चढू देता तेव्हा चालकाला तिथे कोण आहे हे दिसतं का? माझ्या आईची काठी बाहेर असताना दार मिटलं होतं. आणि चाकाच्या खुर्चीचा रॅम्प कोणत्या दाराला आहे? मागच्या दाराला असेल तर आत घुसणारी गर्दी त्या खुर्चीवाल्याला वाट देते का? अंध प्रवाशाला मागचं यंत्र कुठे आहे हे कसं कळणार? प्रत्येक बसमध्ये ते एकाच जागी, एकाच उंचीवर आणि आवाज देणारं असलं पाहिजे. हे कोणी मोजत नाही.

दोनशेमीटर:
सगळे थांबे काढा असं म्हटलेलं नाही. दवाखाना, बाजार, शाळा यांचे ठेवूनच करायचं असतं.

ड्यूटीचार्ट:
कृपया विषयावर या. थांबे काढणं माझ्या हातात नाही, वाहक आणणंही नाही. सावलीत_उभी, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण सोमवारच्या आत मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय.

मोकळीवाट:
मग तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचं उदाहरण देते. त्याच सॅन फ्रान्सिस्कोत थांब्यावर माणशी लागणारा वेळ सुमारे ३८ टक्क्यांनी घटला. बसचा सरासरी वेग मात्र ताशी ८.४१ मैलांवरून ८.५६ वर गेला, म्हणजे २ टक्क्यांच्या आत-बाहेर. तुम्ही जे पाहताय ते तिथेही दिसलं आणि त्यांनी धोरण बंद केलं नाही. थांब्यावरचा वेळ हा फेरीच्या एकूण वेळेचा एक तुकडा असतो. त्यातला तिसरा हिस्सा कापला तरी पूर्ण फेरीत तो थोडाच उमटतो.

ड्यूटीचार्ट:
हे उपयोगी आहे. पण आमच्याकडे थोडासुद्धा उमटत नाही. म्हणून विचारतोय.

उंबरठा:
सिग्नलच्या अलीकडचे थांबे किती आहेत? तिथे २० सेकंद वाचवून बस लाल दिव्यापाशी जाऊन उभी राहिली तर फेरीत काहीच वाचलं नाही. थांबा चौकाच्या पलीकडे असेल तर वाचलेला वेळ हातात राहतो. हा फरक तुमच्या कॅमेऱ्यात दिसणार नाही, कारण दार मिटलं की तुमचं मोजणं संपतं.

आगारकाका:
वाहकाचं राहू द्या. वेळापत्रक बदललंत का?

ड्यूटीचार्ट:
वेळापत्रक कशाला बदलू, प्रयोग आहे. जुनंच आहे.

आगारकाका:
मध्ये टायमिंग पॉइंट, म्हणजे ठरलेली वेळ पाळूनच निघायचे थांबे, आहेत?

ड्यूटीचार्ट:
आहेत, सगळ्याच मार्गांवर असतात. वेळेआधी निघता येत नाही, निघालं तर चालकाला नोटीस.

आगारकाका:
मग अहो, वेळ तिथेच जातोय. बस थांब्याथांब्यावर वाचवत वाचवत टायमिंग पॉइंटला लवकर पोचते आणि जुन्या वेळेची वाट बघत उभी राहते. चालक हुशार असेल तर नोटीस टाळायला आधीपासूनच गाडी हळू काढतो. आयुष्यभर पाहिलंय हे, तासाला पाच मिनिटं जास्त दिली की ती पाच मिनिटं वापरली जातातच. तुम्ही दारं उघडलीत, पण वेळापत्रकाने बसला धरून ठेवलंय.

उंबरठा:
काका, बरोबर. हे पहिल्याच प्रश्नात यायला हवं होतं. ड्यूटीचार्ट, जीपीएसच्या नोंदींत टायमिंग पॉइंटवर उभं राहण्याचा वेळ वेगळा काढता येतो. प्रयोगाआधीचा आणि आताचा शेजारी ठेवा. आणि पूर्ण दिवसाची सरासरी काढू नका. दुपारच्या रिकाम्या बसमध्ये दुसऱ्या दाराचा फायदा शून्य असतो, ती सकाळ-संध्याकाळचा फायदा झाकून टाकते.

मोकळीवाट:
सरासरीपेक्षा चढउतार पाहा. गर्दीच्या मार्गावर खरा फायदा तिथे असतो. एक बस उशिरा पोचली की थांब्यावर जास्त माणसं जमलेली असतात, त्यांना चढवायला ती आणखी उशीर करते. मागची बस रिकामी राहते आणि तिला येऊन गाठते. मग दोन बस जोडीने येतात आणि पुढे वीस मिनिटं काही नाही. न्यूवेल आणि पॉट्स यांनी १९६४ मध्येच हे गणिताने मांडलंय. माणशी चढण्याचा वेळ जितका जास्त तितकी ही साखळी लवकर सुरू होते. सगळ्या दारांनी चढू दिलं की नेमका तोच घटक लहान होतो. दोन बसमधल्या अंतराची नोंद काढा, अहवाल त्यावर उभा करा.

तिकीटबारी:
चालकांना लवकर निघू दिलं तर जो माणूस वेळापत्रक बघून थांब्यावर येतो त्याची बस चुकेल. त्याचं काय?

आगारकाका:
दर पाच-सात मिनिटांनी बस असेल तर वेळापत्रक बघून कोणी येत नाही, तिथे दोन गाड्यांमधलं अंतर राखायचं. अर्ध्या तासाची सेवा असेल तर तुमचं म्हणणं खरं, तिथे वेळ पाळायलाच हवी. ड्यूटीचार्ट, तुमचा मार्ग कुठला?

ड्यूटीचार्ट:
दहा मिनिटांचा, गर्दीत सहाचा.
नोंदी काढल्या. संध्याकाळी टायमिंग पॉइंटवरचं उभं राहणं खरंच वाढलंय, दुसऱ्या पॉइंटवर जास्त. सकाळी तितकं नाही. दोन बस एकत्र येण्याचं प्रमाणही कमी दिसतंय, ते आता तासावार काढतोय. पण वरिष्ठ विचारणार, एक बस वाचली का? काय उत्तर देऊ?

उंबरठा:
सरळ गणित द्या. जाऊन-येऊन, टोकावरची विश्रांती धरून १२० मिनिटं आणि दहा मिनिटांना एक बस, म्हणजे १२ बस. सहा मिनिटं वाचली तर ११४, तरी बाराच बस लागतात. ११० पर्यंत उतरलं तरच एक सुटते. तोवर ती सहा मिनिटं टोकावरच्या विश्रांतीत घाला, पुढची फेरी वेळेवर सुटेल. बस वाचली नाही म्हणून प्रयोग फसला असं होत नाही, हे आकड्यांनी दाखवा. रोखीचे आकडेही द्याच, मी अजून त्यावर ठाम आहे.

आगारकाका:
आणि एकदम सगळे टायमिंग पॉइंट काढू नका. आधी संध्याकाळी फक्त तो दुसरा पॉइंट मोकळा करा, कक्षातून गाड्यांमधलं अंतर बघणारा एक माणूस बसवा. चालकांना नोटीस देणार नाही हे लेखी कळवा, तोंडी सांगितलं तर कोणी गाडी पुढे काढणार नाही.

मोकळीवाट:
काका, मान्य. वाहकांवर आपलं पुन्हा कधीतरी.

ड्यूटीचार्ट:
धन्यवाद सगळ्यांना. मुदतवाढ मागतोय, तेवढ्यात काका म्हणतात तसं करून पाहतो. तिकीटबारी, गर्दीच्या वेळी तपासनीस ठेवण्याची शिफारस घालतोय.
सावलीत_उभी, आमच्या बसमध्ये रॅम्प मागच्या दारालाच आहे आणि त्या दारावर चालकासाठी कॅमेरा सगळ्या गाड्यांत नाही. ज्यांत नाही त्या गाड्या या मार्गावरून काढायला सांगतोय. यंत्राची जागा मात्र दोन प्रकारच्या गाड्यांत वेगवेगळी आहे.

सावलीत_उभी:
कॅमेऱ्याबद्दल आभार. यंत्राची जागा आत्ता बदलता येत नसेल तर निदान दार उघडल्यावर यंत्रातून सतत बारीक आवाज येईल असं करा, आवाजाच्या दिशेने हात जातो. आणि रॅम्प उघडताना बाकीच्यांनी पुढून चढावं ही सूचना बसमध्ये बोलून दिली गेली पाहिजे. नुसता फलक लावून गर्दी हटत नाही.