सक्ती केली, पण कोणत्या मराठीची?

२०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणजे प्रश्न मिटला, हे मला काही पटून नाही राहिलं. आमचं नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी. ऑटोत, बाजारात हिंदी आजही आपसूक तोंडात येते. माझी भाची इंग्रजी शाळेत. निबंधात तिनं लिहिलं, ‘आजी पोळ्या करून राहिली.’ बाईंनी लाल रेघ मारून ‘करत आहे’ केलं. अहो, घरी आजी तशीच बोलते ना! आता पोरगी आजीशीही हिंदीतच बोलते. त्यात चुका निघत नाहीत म्हणे. प्रमाण मराठी जरूर शिकवा, पण शेजारी दोन्ही रूपं लिहिली असती तर काय बिघडलं असतं? गोंडी बोलणाऱ्या घरांतल्या पोरांचं तर विचारूच नका.