घरच्या कुत्रीला ‘एकदा तरी पिल्लं’ कशासाठी?

मोकळं_अंगण

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ला दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची, फक्त रेबीजची लक्षणं असलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत, असं ठरलं. तेव्हापासून भटक्या कुत्र्यांबद्दल प्रत्येकाचं मत तयार आहे. घरातल्या कुत्रीबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

मी पुण्यात टाकून दिलेल्या पिल्लांना घरं शोधून देण्याचं काम करते. टेकडीच्या पायथ्याशी, भाजी मंडईच्या मागे, देवळाच्या आवारात खोक्यात ठेवलेली पिल्लं येतात. त्यातली कितीतरी रस्त्यावरच्या कुत्रीची नसतात. लॅब्रॅडॉरचं तोंड आणि गावठी अंग, पॉमेरेनियनची शेपटी आणि उंच पाय. अशा पिल्लांच्या आई-बापांपैकी एक तरी कोणाच्या तरी सोफ्यावर झोपणारं असतं.

हे कसं होतं ते माहीत आहे. कोणी म्हणतं, ‘एकदा तरी होऊ द्या, तब्येतीला चांगलं असतं.’ कोणी म्हणतं, ‘मुलांना बघायला मिळेल.’ शेजाऱ्यांचा नर असतो, मेटिंगच्या बदल्यात त्यांना एक पिल्लू द्यायचं ठरतं आणि तेवढ्यावर नियोजन संपतं. त्रेसष्ट दिवसांच्या आसपास कुत्री विते. लॅब्रॅडॉरला सात-आठ पिल्लं ही नेहमीची गोष्ट. पहिले तीन आठवडे सगळं आईच करते, घरातले कौतुकाने फोटो काढतात. चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना दात येतात, आई उठून जाऊ लागते, खाणं माणसांना द्यावं लागतं, घरभर शी-शू होते. जंताचं औषध, पहिली लस, सगळं गुणिले आठ. मग पस्तिसाव्या दिवशी पिल्लं ‘वाटायला’ काढली जातात. घेणारा कोण, घर भाड्याचं आहे का, दिवसभर घरी कोण असतं, हे विचारायची ताकद कोणात उरलेली नसते.

आणि माद्या. नर आधी जातात. ‘मादी नको, तिचे पुन्हा ते प्रश्न’ असं म्हणून माद्या मागे राहतात. खोक्यात ज्या सापडतात त्या बहुतेक माद्याच. दीड-दोन वर्षांत त्या रस्त्यावर वितात. एका हौशी वीणीतून ही साखळी सुरू होते.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. सगळ्या पिल्लांची घरं आधी ठरलेली नसतील, तर घरच्या कुत्रीला पिल्लं होऊ देणं हा बेजबाबदारपणा आहे. ‘चुकून झालं’ हेही त्यातच आलं.

निवांत

कळकळ समजते, पण तुमचा रोख चुकीच्या माणसावर आहे. मी गोल्डन रिट्रीव्हर पाळतो. लोकांना जातीची पिल्लं हवी आहेत, ती मागणी तुमच्या-माझ्या म्हणण्याने संपणार नाही. घरगुती वीण बंद झाली तर पिल्लं कुठून येतील? शहराबाहेरच्या शेडमधून. तिथे कुत्री पिंजऱ्यात असते, प्रत्येक माजाला तिला लावतात, दूध तुटायच्या आत पिल्लं दुकानात जातात, आईचं तोंडही खरेदीदाराला दिसत नाही. त्यापेक्षा ज्या घरात आई मोकळी फिरते, पिल्लं माणसांच्या हातात वाढतात, कुकरच्या शिट्टीची आणि दाराच्या बेलची सवय होते, तिथलं पिल्लू हजारपट बरं. स्वभाव घडण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्याचा असतो. तो काळ घरात गेलेला कुत्रा पुढे सहसा चावत सुटत नाही. तुम्ही घरांनाच गुन्हेगार ठरवलंत तर शेडवाल्यांचा धंदा वाढेल.

स्लाउकर

निवांत यांच्या मुद्द्यात तथ्य आहे. इथे इंग्लंडमध्ये एप्रिल २०२०पासून ‘लुसीज लॉ’ लागू आहे. सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानदाराला किंवा दलालाला विकता येत नाही. एकतर थेट पैदास करणाऱ्याकडून घ्यायचं, नाहीतर निवारा केंद्रातून. परवानाधारकाला पिल्लू आईसोबत दाखवावं लागतं. म्हणजे पिल्लू आईसह बघणं चांगलं, हे इथे कायद्यानेच मान्य केलं आहे. पण वर्षाला तीन किंवा जास्त वीणी काढणाऱ्याला, किंवा धंदा म्हणून विकणाऱ्याला, परवाना लागतो. शिवाय २०१६पासून प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख-चिप, सक्तीची आहे. सोडून दिलेल्या कुत्र्याला चिप असेल तर नोंदीतला मालक सापडतो. खरा फरक या चिपमुळे पडतो असं मला वाटतं.

मोकळं_अंगण

@निवांत, शेडचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. पण ‘शेड वाईट’ म्हणून ‘घर चांगलं’ आपोआप होत नाही. आपल्याकडेही २०१७चे श्वान पैदास आणि विक्री नियम आहेत. राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, अठरा महिन्यांच्या आत मादीचं मेटिंग नाही, लागोपाठ दोन माजांत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वीणी नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. यातला एक तरी नियम तुमच्या ओळखीतल्या हौशी मालकाला ठाऊक आहे का? ‘आम्ही कुठे ब्रीडर आहोत, आमची घरचीच आहेत’ म्हणून सगळे मोकळे. पैसे मात्र घेतात.

आणि टाकून देणाऱ्याला काय होतं? १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा जनावर वाऱ्यावर सोडण्याला गुन्हा म्हणतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात चहाही धड होत नाही, म्हणून कायद्यावर विसंबून न राहता घरांशी बोलायला हवं.

ठाणेकर_काकू

तुम्ही सगळे हिशेबच मांडता आहात. आमच्या चेरीकडे बघितलं असतं तर असं बोलला नसता. माज येऊन गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी तिने कोपऱ्यात चादर ओढून नेली, रबरी बदक उराशी घेऊन बसली, कोणाला हात लावू देईना. अंगावर दूध आलं हो! मुक्या जीवाला आई व्हायचंय हे आणखी कसं सांगायचं तिने? आपण तिला घरात आणून तिचं सगळं आयुष्य आपल्या सोयीने ठरवतो. निसर्गाने दिलेली एवढी एक गोष्टही काढून घ्यायची? त्याला मी प्रेम म्हणणार नाही.

गुरांचा_डॉक्टर

काकू, तुम्ही जे पाहिलंत ते अगदी खरं आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. याला खोटी गर्भधारणा म्हणतात. कुत्रीच्या शरीरात माजानंतर गर्भ राहो न राहो, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन जवळपास दोन महिने चढं राहतं. ते उतरलं की प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन वाढतं आणि दूध येतं, ती बिळासारखी जागा करते, खेळणी सांभाळते. मेटिंग न झालेल्या असंख्य माद्यांमध्ये हे होतं. ही शरीराची ठरलेली घडामोड आहे. बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. स्तन चोळू नका, पिळू नका, त्याने दूध वाढतं. खेळणी हळूहळू काढून घ्या, फिरणं वाढवा. स्तन कडक आणि गरम झाले तर डॉक्टरकडे न्या.

‘एकदा वीण झाली की गर्भाशयाचे आजार होत नाहीत’ हेही रोज ऐकतो. काही जातींमध्ये, पिल्लं झालेल्या माद्यांत गर्भाशयात पू होण्याचं प्रमाण थोडं कमी दिसलं आहे. पण एका वीणीच्या भरवशावर राहण्याइतकं ते संरक्षण नाही. सात-आठ वर्षांच्या, दोन-तीनदा व्यालेल्या माद्या पू झालेलं गर्भाशय घेऊन माझ्या टेबलावर येतात. तहान वाढलेली, खाणं सोडलेलं, आणि मालकाला वाटतं वय झालं. ते ऑपरेशन तातडीचं आणि जोखमीचं असतं. तरुणपणी केलेल्या नसबंदीने हा आजार जवळजवळ संपतो. पहिल्या माजाआधी केली तर स्तनांच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो.

वीण हीसुद्धा शारीरिक जोखीम आहे, हे कोणी धरतच नाही. लहान चणीच्या माद्यांना, पॉमेरेनियनसारख्यांना, व्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दूध पाजताना रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जातं. आधी अस्वस्थपणा, मग थरथर, मग झटके. काही तासांत जीव जाऊ शकतो. पगच्या पिल्लांची डोकी मोठी, त्यामुळे अनेकदा सिझेरियन करावं लागतं. रात्री दोन वाजता तुमच्या गावात ते करणारं कोणी आहे का, हे मेटिंगच्या आधी विचारा.

ठाणेकर_काकू

डॉक्टर, माहितीबद्दल आभार. तरी माझं मन मानत नाही. सगळं शरीराचंच म्हटलं तर माणसाच्या आईचंही तेच होईल. पण कॅल्शियमचं मला कोणी सांगितलं नव्हतं. चेरी पॉमच आहे.

रानवारा

लातूरकडचा आहे. आमच्याकडे कारवानी कुत्री चार पिढ्यांपासून आहेत. लांब तोंड, आवळलेलं पोट, रानात सुटलं की नजर पोचत नाही. शहरातल्या लोकांनी सरसकट ‘पिल्लं नकोत, नसबंदी करा’ म्हटलं की आम्हाला भीती वाटते. तुमचे लॅब आणि हस्की जगात कुठेही मिळतील, आमचं जनावर फक्त इथे आहे. ही जात कुठल्या मोठ्या केनेलने टिकवलेली नाही. शेतकऱ्यांनी, मेंढपाळांनी, पारध्यांनी घरच्या घरी टिकवली. पलीकडे मुधोळला अशाच कुत्र्यांत घोरपडे संस्थानिकांनी लक्ष घातलं, नंतर कर्नाटक सरकारने तिम्मापूरला केंद्र काढलं, सैन्यानेही मुधोळ हाउंड घेतले. आमच्या बाजूला जे आहे ते माणसांच्या हौसेवरच आहे. घरची वीण बंद करा म्हणणं म्हणजे ही जात बंद करा म्हणणं.

आम्ही नर बघायला तीस-चाळीस कोस जातो. चाल बघतो, पायाची ठेवण बघतो, त्याच्या आईचा स्वभाव विचारतो. पिल्लं व्हायच्या आधीच ‘एक मला’ म्हणणारे असतात.

मोकळं_अंगण

@रानवारा, तुम्ही जे करता त्याला मी विरोध केलेलाच नाही. तीस कोस जाऊन नर बघणं, घेणारे आधी ठरवणं, हेच तर मी मागते आहे. एकच प्रश्न आहे, मनापासून विचारते. सहा पिल्लं झाली, त्यात चार माद्या. त्या चौघींचं काय होतं?

रानवारा

ताई, खरं सांगायचं तर माद्यांना मागणी कमीच. ज्यांना वंश चालवायचा ते घेतात, बाकीच्यांना नर हवा असतो. आमच्या घरी सध्या तीन माद्या आहेत त्या त्यामुळेच. सगळ्यांना हे परवडत नाही, आणि ज्यांना परवडत नाही ते काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण जात जाऊ देणं हेही उत्तर नाही.

निवांत

रानवारा यांच्या बाजूने अजून एक. नसबंदी म्हणजे सगळ्यावर औषध असं जे चाललंय तेही तपासा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २०१३मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवरचा अभ्यास मांडला. वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांत सांध्यांचे आजार जास्त निघाले. मी माझ्या नराची केलेली नाही आणि करणारही नाही. मी त्याला पट्ट्याशिवाय सोडत नाही. जबाबदारी ऑपरेशनशिवायही पाळता येते.

गुरांचा_डॉक्टर

अभ्यास खरा आहे. म्हणूनच मोठ्या चणीच्या कुत्र्यांत वाढ पूर्ण होईपर्यंत, वर्ष-दीड वर्ष, थांबायला मीही सांगतो. मादीत मात्र तोवर एक-दोन माज येऊन जातात, तेवढे सांभाळायची तयारी हवी. लहान चणीत हा सांध्यांचा धोका तसा दिसत नाही.

थांबणाऱ्यांसाठी एक ताकीद. सर्वात जास्त अपघाती वीणी मी कुठल्या घरांत बघतो? जिथे एकाच वीणीतले भाऊ-बहीण एकत्र पाळलेत तिथे. ‘ते बहीण-भाऊ आहेत, ते काही करणार नाहीत’ असं मालक ठामपणे सांगतो. कुत्र्यांना नाती नसतात. मुलगा आईवर चढतो, सात-आठ महिन्यांचा नर बाप होऊ शकतो. आणि नराची नसबंदी झाली त्या दिवसापासून निर्धास्त होऊ नका, पुढचे काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो.

नवी_पालक

मध्येच विचारते, माफ करा. आमची लॅब सात महिन्यांची आहे, पहिलाच माज. आज आठवा दिवस. रक्त कमी झाल्यासारखं वाटतंय, म्हणजे सुटलो का? खालच्या मजल्यावर बीगल नर आहे आणि तो आमच्या दारापाशी येऊन बसतो.

गुरांचा_डॉक्टर

सुटला नाहीत, खरा धोका आता सुरू होतोय. स्राव फिका पडू लागतो तेव्हाच ती नराला जवळ येऊ देते. साधारण नवव्या ते पंधराव्या दिवसांत, कधी त्याच्याही पुढे. माज सुरू झाल्यापासून पूर्ण चार आठवडे धरून चाला.

तिला फक्त पट्ट्याने बाहेर न्या, मोठ्या माणसानेच न्या. गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत मोकळं सोडू नका. डायपर स्वच्छतेसाठी ठीक, नराला तो अडवत नाही. बीगलच्या घरच्यांना आजच सांगा आणि फिरायच्या वेळा वाटून घ्या. तरीही जोडी लागलीच तर ओढून वेगळी करू नका, पाणी मारू नका, दोघांनाही इजा होते. सुटेपर्यंत धरून ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. गर्भ राहू नये म्हणून कोणी जुन्या पद्धतीचं हार्मोनचं इंजेक्शन सुचवलं तर गर्भाशयात पू होण्याचा धोका नीट विचारून घ्या. लवकरच्या दिवसांत नसबंदी हा पर्यायही उपलब्ध असतो. माजात रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून ठरवून करायचं ऑपरेशन माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी.

नवी_पालक

खाली जाऊन बोलले. ते म्हणाले, ‘होऊ द्या की, दोन्ही चांगल्या जातीची आहेत, आम्ही एक घेऊ.’

मोकळं_अंगण

त्यांना विचारा, उरलेली सात कोण घेणार, त्यांची नावं लिहून द्या.

निवांत

इथे मी तुमच्या बाजूने आहे. नाही म्हणा. सात महिन्यांची म्हणजे तिचीच वाढ अजून चालू आहे.