डोळ्यांपुढे चमकत्या रेषा आणि मग अर्धशिशी : ऑरा असताना रोजचे व्यवहार कसे सांभाळावेत?

प्रश्न : गणितशिक्षिका

नमस्कार. माझे वय ३५ असून मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षभरापासून वाचताना अधूनमधून एखाद्या शब्दाचा मधलाच भाग दिसेनासा होतो, त्या जागी एक बारीक लुकलुकणारा ठिपका उमटतो आणि तो हळूहळू पसरत जाऊन किल्ल्याच्या तटबंदीसारख्या कोनाकोनांच्या चमकत्या रेषांची कमान तयार होते. साधारण वीस-पंचवीस मिनिटांत ती नजरेच्या कडेला जाऊन विरते. त्यानंतर डोक्याची एक बाजू ठणकू लागते, मळमळते आणि उजेड सहन होत नाही.

नेत्रतज्ज्ञांनी बाहुल्या मोठ्या करून तपासणी केली. डोळ्यांत दोष नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘ऑरासह मायग्रेन’ (म्हणजे आधी अशा रेषांसारखी लक्षणे, ऑरा, दिसून मग येणारी अर्धशिशी) असे निदान केले, परंतु गर्दीमुळे सविस्तर बोलणे झाले नाही. उलटी झाली की बरे वाटते, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या मते हे पित्त आहे आणि सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा आग्रह चालू आहे.

मी शाळेत स्कूटरने जाते, संकष्टीचा उपवास करते आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर आता गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याच्या विचारात आहे. या तिन्ही बाबतींत काय काळजी घ्यावी? आणि या रेषा नेमक्या येतात कुठून?

उत्तर : मुद्रितशोधक

ताई, महाविद्यालयात असल्यापासून मला हाच त्रास आहे आणि माझे सगळे काम अक्षरांचे असल्यामुळे आपली अडचण मला नीट समजते.

पुढच्या वेळी रेषा दिसू लागल्या की आधी एक डोळा झाकून पाहा, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना त्या एकाच बाजूला दिसत असतील आणि डोळे मिटल्यावरही दिसत राहत असतील, तर त्यांचे मूळ डोळ्यांत नसून मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टिकेंद्रात आहे. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये स्वतःला दिसणाऱ्या अशाच आकृत्यांची क्रमवार रेखाटने प्रसिद्ध केली आणि त्या ज्या गतीने पसरतात तिच्यावरून असे गणित मांडले की, दृष्टिकेंद्राच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असले पाहिजे. पुढे १९४४ मध्ये लिआव या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूवर प्रयोग करताना जवळपास त्याच वेगाने पसरणारी आणि आपल्या मागे चेतापेशींना काही काळ निष्क्रिय करून जाणारी लाट नोंदवली. ऑराच्या मुळाशी हीच लाट असते, असे आज मानले जाते. लाटेच्या पुढच्या कडेला पेशी उद्दीपित होतात म्हणून चमक दिसते आणि मागे त्या शांत होतात म्हणून अक्षरे पुसल्यासारखी होतात. पेशी पुन्हा पूर्ववत होतात, म्हणून नजरही परत येते. हे कळल्यानंतर माझी निम्मी भीती गेली.

पित्ताविषयी म्हणाल, तर मळमळ आणि उलटी ही मायग्रेनचीच लक्षणे आहेत. झटक्याच्या वेळी जठराची हालचाल मंदावते, त्यामुळे पोटात गेलेली गोळीही लवकर शोषली जात नाही. म्हणूनच डॉक्टर अनेकदा वेदनाशामकासोबत उलटी थांबवणारे औषध देतात. मायग्रेनसाठीच्या ट्रिप्टान या औषधगटातील गोळी दिलेली असेल, तर ती रेषा दिसताना नव्हे, प्रत्यक्ष डोके दुखू लागताच घ्यायची असते. दूध-जिलेबीमुळे निदान उपाशीपोटी राहणे टळते, पण तो या आजारावरचा उपचार नव्हे.

उपाशी राहणे हे मात्र झटक्याचे नेहमीचे निमित्त आहे. संकष्टीला चंद्रोदय बहुधा रात्री उशिरा होतो आणि तोपर्यंत अनेक जणी केवळ चहावर दिवस काढतात, ते आपण करू नये. फळे, दूध, दाण्याचा लाडू असे काही ठरावीक अंतराने खावे आणि पाणी भरपूर प्यावे. श्रद्धेला त्याने बाध येत नाही, असे माझे मत आहे.

स्कूटरविषयी तडजोड नको. पहिला ठिपका दिसताच गाडी रस्त्याच्या कडेला लावावी आणि नजर पूर्ण स्वच्छ होईपर्यंत हलू नये, कारण त्या वेळात एका बाजूने येणारे वाहन दिसतच नाही आणि ते दिसत नाही हेही आपल्या लक्षात येत नाही. शाळेत मुख्याध्यापकांना व शेजारच्या वर्गावरील सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे अर्ध्या तासासाठी वर्ग कोणाकडे तरी सोपवता येईल.

उत्तर : ग्रामीण रुग्णालय

मी स्त्रीरोग विभागात काम करते. वरील उत्तरात गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रश्न राहिला आहे आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

कृपया दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. नेहमीच्या मिश्र गोळ्यांमध्ये, आणि त्यात सरकारी केंद्रांवर मोफत मिळणारी ‘माला-एन’ही आली, इस्ट्रोजेन हे संप्रेरक असते. ऑरासह मायग्रेन असणाऱ्यांमध्ये मेंदूची रक्तवाहिनी बंद होऊन होणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा सुमारे दुप्पट असतो. तरुण वयात मुळात हा धोका फार कमी असल्याने घाबरण्याचे कारण नाही, परंतु इस्ट्रोजेनमुळे तो आणखी वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ऑरा असणाऱ्या कोणत्याही वयाच्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधके वापरू नयेत. तांबी बसवून घेणे हा चांगला पर्याय आहे. तिच्यात कोणतेही संप्रेरक नसते. इस्ट्रोजेन नसलेल्या गोळ्याही मिळतात, त्यांविषयी तपासणीच्या वेळी विचारा. रक्तदाब मोजून घ्या आणि धूम्रपानाची किंवा मिश्री लावण्याची सवय असल्यास तीही डॉक्टरांना सांगा.

बाह्यरुग्ण विभागात स्त्रिया ‘डोके दुखते’ एवढेच सांगतात, डोळ्यांपुढच्या रेषांचा उल्लेख करत नाहीत, आणि आम्हीही घाईत तो विचारत नाही. आपण तो स्वतःहून करा.

उत्तर : सहचर

माझ्या पत्नीला रेषांबरोबरच बोटांपासून गालापर्यंत हळूहळू चढत जाणाऱ्या मुंग्या येतात आणि काही वेळ शब्द सुचत नाहीत. हाही ऑराचाच प्रकार असल्याचे तिच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. तिच्या पर्समध्ये निदान, औषधे आणि माझा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असते. घरच्यांनी अशा वेळी प्रश्न विचारत बसू नये; खोलीत अंधार करावा, पाणी द्यावे आणि मुलांना बाहेर न्यावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : गणितशिक्षिका

मनःपूर्वक आभार. गोळ्यांचा विचार मी थांबवला आहे. एक शंका राहिली : मागे एकदा रेषा येऊन गेल्या, पण डोके दुखलेच नाही. हे चिंताजनक आहे का?

उत्तर : ग्रामीण रुग्णालय

डोकेदुखीविना ऑरा येऊ शकतो. तो नेहमीसारखाच हळूहळू पसरून तासाभराच्या आत ओसरला असेल, तर तारीख, वेळ, त्याआधीची झोप व जेवण यांची नोंद वहीत ठेवा आणि पुढच्या भेटीत दाखवा. वेदनाशामक घेतल्याचे दिवसही लिहा, कारण साध्या गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस आणि ट्रिप्टान दहा किंवा अधिक दिवस सतत काही महिने घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडते.

मात्र दृष्टी क्षणार्धात गेली, एकाच डोळ्यापुढे पडदा आला, हातपायातील शक्ती गेली, चेहरा वाकडा झाला, आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी एकाएकी सुरू झाली किंवा लक्षणे तासाहून अधिक टिकली, तर ‘नेहमीचेच आहे’ असे गृहीत न धरता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.